युजरचा प्रॉब्लेम

इंदापूरच्या सेंटरमधला कॉम्प्युटर नवा होता. पडद्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रासुद्धा अजून कुणी सोललेला नव्हता. म्हाळसाने खुर्ची पुढे ओढली, आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, लॅबच्या सॉफ्टवेअरच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली आणि तोच पांढरा चौकोन समोर आला. तीच इंग्रजी ओळ, तीच लाल फुली, खाली तेच 'ओके'. तिचा हात माउसवर तसाच राहिला. बारामतीचा कॉम्प्युटर बारामतीतच राहिला होता. ती पहाटे उठून, स्वयंपाक उरकून, कन्हेरीहून स्कूटीने स्टँडपर्यंत आणि तिथून एसटीत उभ्याने इथवर आली होती, आणि हा चौकोन तिच्याआधी येऊन इथे बसला होता.

"ताई, तुमच्यामागंच लागलंय की हे," सुकन्या म्हणाली. सुकन्या हे सेंटर एकटीने सांभाळायची. रक्त घ्यायची, नळ्यांवर नावं चिकटवायची आणि रोज अकराच्या गाडीने नमुने बारामतीच्या लॅबला पाठवायची. पोरगी मनाने वाईट नव्हती. तिने म्हाळसाला सरकायला सांगितलं, आपल्या नावाने आत गेली, आणि सॉफ्टवेअर पहिल्या टिचकीला उघडलं. निळी पट्टी, पेशंटांची यादी, सगळं जागच्या जागी. "बघा, माझं चालतंय. तुमच्या हातालाच काहीतरी हाय." ती हसली.

म्हाळसा हसली नाही. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. अकरा वर्षं हे हात लोकांच्या शिरा शोधत होते. नवजात पोरांच्या, डायलिसिसवरच्या म्हाताऱ्यांच्या, ज्यांच्या कोपरात सुई घालायला डॉक्टरही का-कू करायचे अशांच्या. घरात मेंढरं सोडून दुसरं काही कुणी हाताळलं नव्हतं, त्या घरातून डीएमएलटी, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून आलेले हे हात. बारामतीच्या लॅबमध्ये, कठीण शीर असली की मधल्या दारातून हाक यायची, म्हाळसाबाईंना बोलवा. आणि आता याच हातांना काहीतरी होतं. बारामतीत हे सगळे आडून म्हणत होते, ही पोरगी तोंडावर म्हणाली, एवढाच फरक. सुकन्याने चहा सांगू का विचारलं. नको म्हणाली. तिला काहीही नको होतं. टेबलाची कड हाताने धरून ती बसून राहिली, कारण हात सोडला असता तर तो पडदा तिने उचलून खाली टाकला असता.

बारा दिवसांपूर्वी, नऊ तारखेला, बारामतीत दुपारी वीज गेली. वीज जाण्यात नवल काहीच नव्हतं. लॅबच्या बॅटरीने वर्षभरापूर्वीच मान टाकली होती. म्हाळसाने तीनदा लिहून दिलं होतं की वीज गेली की कॉम्प्युटर ताडकन बंद पडतो, बॅटरी बदला. तिन्ही वेळा लॅबचे मालक डॉक्टर विजयसिंह यांनी कागद वाचला, 'बघू' म्हणाले आणि तो टेबलाच्या काचेखाली सरकवला. काचेखाली त्यांच्या मुलाचा पोहण्याच्या स्पर्धेतला फोटो होता, त्याच्या शेजारी. त्या दिवशी वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि हा चौकोन पहिल्यांदा आला. तिने ओके दाबलं, सॉफ्टवेअर मिटलं. परत उघडलं, परत चौकोन. पावणेपाचला मुलांच्या दवाखान्यातून एक नळी आली. चार दिवसांचं बाळ, कावीळ, तातडीचं. नळीतलं रक्त करंगळीच्या नखाएवढं. तिने ते तपासणीच्या मशीनला लावलं. सव्वापाचला मशीनच्या छोट्या पडद्यावर काविळीचा आकडा आला, एकोणीस पूर्णांक चार. आकडा तिच्या डोळ्यांसमोर होता. चार दिवसांच्या पोराच्या अंगात एकोणीस म्हणजे किती धोक्याचं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पण रिपोर्ट निघायचा तो सॉफ्टवेअरमधून, आणि सॉफ्टवेअर तिच्या नावाने उघडत नव्हतं. भिंतीवर डॉक्टरांच्या सहीचं परिपत्रक होतं. हाताने लिहिलेला आकडा कुणालाही देऊ नये. फोनवरून आकडा सांगू नये. दुसऱ्याच्या लॉगिनवरून रिपोर्ट काढल्यास कारवाई होईल. मागे कधीतरी फोनवर कुणी तेराचे तीस ऐकले होते आणि भांडण झालं होतं, तेव्हापासूनचं ते. डॉक्टर पुण्याला गेले होते, फोन उचलत नव्हते. कॉम्प्युटरचं बघणारा ज्ञानेश उचलत होता आणि प्रत्येक वेळी तेच सांगत होता, बंद करून चालू करा ताई. तिने बंद करून चालू केलं. सात वेळा केलं.

काउंटरच्या पलीकडे एक बाई उभी होती. साठीची, काळीसावळी, उंच, पदर खोचलेला, अंगाला मासळीचा वास. भिगवणची धोंडाबाई, बाळाची आजी. ती ओरडत नव्हती. दर दहा मिनिटांनी काउंटरवर बोटं ठेवून विचारायची, "झालं का वो?" आणि म्हाळसा म्हणायची, "पाच मिनिटं." दोन तास ती पाच मिनिटं म्हणत राहिली. हेच आता तिला आठवत होतं, आकड्यापेक्षा, चौकोनापेक्षा, आपल्या तोंडातून येणारा तो पाच मिनिटांचा आवाज. शेवटी पुण्याच्या वाटेवरून डॉक्टरांचा फोन आला, त्यांनी आपल्या नावाने कुठूनतरी रिपोर्ट मंजूर केला, सव्वासातला कागद निघाला. दवाखान्याने बाळ तपासलं, तोवर कावीळ आणखी चढली होती, रक्त बदलायची वेळ आली होती आणि ती सोय पुण्यातच होती. गाडीत बाळाला घालताना धोंडाबाई परत लॅबच्या दारात आली होती. आत आली नाही. दारातून म्हाळसाकडे नुसतं पाहिलं, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश आला. त्याने सॉफ्टवेअर काढून परत घातलं. चौकोन. कीबोर्ड बदलला, आतली कुठलीतरी पट्टी बदलली. चौकोन. सकाळपाळीच्या टेक्निशियनने आपल्या नावाने उघडलं, लगेच उघडलं. मग ज्ञानेशने डॉक्टरांना फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. "सर, मशीन ओके आहे. सॉफ्टवेअर ओके आहे. प्रॉब्लेम युजरचा आहे." म्हाळसा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "मला वाटलंच." एवढंच, मला वाटलंच. अकरा वर्षांनंतर. तिने ज्ञानेशकडे पाहिलं, तो वायर गुंडाळत होता. दुपारी बाळाचे मामा आणि आणखी चार जण आले, आवाज चढले, काउंटरची काच कुणीतरी बडवली. डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कागद तयार होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे रिपोर्ट देण्यास विलंब झाला, याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली तिचं नाव टाइप केलेलं. "म्हाळसाबाई, हे फक्त त्यांना दाखवायला," डॉक्टर म्हणाले. ते कधी ओरडायचे नाहीत, खालच्या आवाजात बोलायचे. "लोक तापलेत. सही करा, ते निघून जातील. आपल्या घरातली गोष्ट आहे." आणि तिने सही केली. वाचून, समजून, पेनाची शाई नीट येत नव्हती म्हणून दुसऱ्यांदा गिरवून.

ती गिरवलेली सही तिला रात्रंदिवस दिसायची. ती स्वतःशी भांडायची. भाकरी थापताना, स्कूटी चालवताना, लेकीच्या, राजनंदिनीच्या, दहावीच्या वह्यांना कव्हर घालताना. पोरगी म्हणायची, आई, कुणाशी बोलतीस. कुणाशी नाही. आणि सारखे वडील आठवायचे. बिरू, सगळे त्यांना बिरूआबा म्हणायचे. ती सात वर्षांची असताना मेंढरं घेऊन ते भीमेच्या काठाने खाली गेले होते. एका गावात कुणाच्यातरी शेतातलं कडवळ रात्रीत चरलं गेलं. मेंढरं त्या अंगाला गेलीच नव्हती, ती वाघरीत, जाळ्याच्या कुंपणात, होती, म्हाळसा स्वतः वाघरीला पाय लावून झोपली होती. सकाळी पोलीस पाटलाने चावडीवर कागद वाचून दाखवला, माझ्या हयगयीने वगैरे. आबांनी अंगठा पुढे केला. शाई पटक्याच्या टोकाला पुसली आणि चालू लागले. ती मागून पळत होती, आबा, आपली न्हवती की मेंढरं, आबा, सांगा की त्यांना. ते म्हणाले, "म्हायती हाय मला. आपल्याला फुडं जायचं हाय." त्या दिवसापासून तिच्या मनात त्या पाटलाविषयी काही उरलं नाही, त्याचा चेहराही आठवत नव्हता. राग सगळा आबांवर. ते गेले तेव्हाही तो पुरता गेला नव्हता. ती शिकली ती त्या रागावर. वाचता येणाऱ्या माणसाला कुणी असं काही वाचून दाखवू शकत नाही, असं तिला वाटायचं. आणि तिला तर वाचूनही दाखवावं लागलं नाही, तिने स्वतःच वाचलं आणि सही केली. आबांना निदान पुढे जायचं होतं. हिला कुठे जायचं होतं?

पुढे जायला इंदापूर मिळालं. आठ दिवसांनी डॉक्टर म्हणाले, काही दिवस तुम्ही तिकडे बसा, तिकडे ताण कमी आहे. म्हणजे तपासण्या नाहीत, मशीन नाहीत, नुसत्या नळ्या भरायच्या आणि नावं टाइप करायची. बाळ बरं झालं, घरी आलं, हे तिला मुलांच्या दवाखान्यातल्या नर्सने फोनवर सांगितलं तेव्हा ती मोरीत जाऊन रडली. रडून बाहेर आली तर राग जागच्या जागी होता.

"ताई, ओके करा की, किती वेळ बघताय त्याच्याकडं," सुकन्या म्हणाली. म्हाळसाने मघाशीच परत आपल्या नावाने लॉगिन केलं होतं आणि चौकोन परत आला होता.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हा चौकोन तिने आजवर वाचलाच नव्हता. आला की ओके. ज्ञानेशही तेच करायचा, टिचकी मारून घालवायचा, अंगावरची माशी हाकलावी तसा. इथे कुणी घाई करत नव्हतं. ती पुढे झुकली आणि एक-एक शब्द वाचू लागली. इंग्रजी कॉलेजात शिकलेलं, आणि रोज तपासणीच्या किटच्या पुड्यांवरच्या सूचना वाचून सरावातलं राहिलेलं. सेटिंग वाचता येत नाहीत. सुरुवात करता येत नाही. खाली 'तपशील' असं बटण होतं. ते दाबलं तर चौकोन लांब झाला, बारीक अक्षरांच्या वीस-पंचवीस ओळी. बहुतेक अगम्य. पण मधे एक पत्ता होता, आणि त्या पत्त्यात तिचं नाव होतं. सी, मग युजर्स, मग म्हाळसा, मग आणखी चार-पाच पायऱ्या, आणि शेवटी एका फाइलचं नाव.

युजर्स. म्हाळसा.

तिने तो पत्ता जसाच्या तसा उतरवून फोल्डरच्या वरच्या पट्टीत टाइप केला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा उघडला. एकच फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडली. पांढरं. वरपासून खालपर्यंत एक अक्षर नाही. कागद कोरा, पण फाइलचा आकार मात्र यादीत दिसत होता, आत काहीतरी असल्यासारखा. "सुकन्या, जरा तुझ्या नावाने आत जा," ती म्हणाली, "आणि मी सांगते तसं टाइप कर." सुकन्याची फाइल उघडली. ती ओळींनी भरलेली होती. कुठला प्रिंटर, कागदाला वरून किती जागा सोडायची, तारीख कशी लिहायची, सगळं एकाखाली एक. म्हाळसाचं हे सगळं कधीतरी असणार, अकरा वर्षांत एकेक करून लावलेलं. ते पुसलं गेलं होतं. सॉफ्टवेअर आधी ही फाइल वाचायला जायचं, आत काही सापडायचं नाही, आणि तिथेच बसकण मारायचं. हातांचा काही संबंध नव्हता. सॉफ्टवेअर शंभरदा काढून घातलं तरी ही फाइल तिच्या नावाच्या फोल्डरात तशीच पडून राहणार होती.

"मग ती हितं कशी आली?" सुकन्याने विचारलं. "हे तर नवीन मशीन."

म्हाळसा परत आपल्या नावाने आत गेली. तिने फाइलवर उजवी टिचकी मारून माहिती काढली. शेवटचा बदल, नऊ तारीख, दुपारचे चार वाजून बारा मिनिटं.

तिने ते आकडे परत वाचले. चार बारा. वीज गेली की फ्रीजच्या वहीत वेळ लिहायची असते, आतली औषधं खराब होतात म्हणून. त्या दिवशीची नोंद तिच्याच हातची होती, चार दहा, अंदाजे. सॉफ्टवेअर ही फाइल लिहीत असताना वीज गेली, लिहिणं अर्ध्यावर तुटलं. बाळाची नळी आली पावणेपाचला. नळी दारातून आत यायच्या आधी अर्धा तास सगळं होऊन गेलं होतं. तिने त्या बाळाचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं तेव्हा. तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तिने मोबाइलने पडद्याचे फोटो काढले. कोऱ्या फाइलचा, तारखेचा, सुकन्याच्या भरलेल्या फाइलचा. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग ज्ञानेशला फोन लावला.

"ज्ञानेश, इथल्या मशीनवर माझं फोल्डर तू बारामतीहून उचलून टाकलंस?"

"हो ताई. तुमचं सगळं जसंच्या तसं मिळावं म्हणून. का?"

"त्यातली सेटिंगची फाइल कोरी आहे. नऊ तारखेपासून."

ज्ञानेश म्हणाला, "असेल. वीज गेली की होतं असं. युजर प्रोफाइल करप्ट होतं. मी सरांना म्हणालो होतो की, युजरचा प्रॉब्लेम आहे."

"युजरचा म्हणजे कुणाचा?"

"म्हणजे प्रोफाइलचा. तुमचा नव्हे."

"मग प्रोफाइल हा शब्द का नाही उच्चारलास? सरांनी काय ऐकलं ते तुलाही कळलं. मी तिथं उभी होते आणि तू वायर गुंडाळत होतास."

"ताई, सर घाईत होते. मला पण नक्की माहिती नव्हतं तेव्हा. आणि नंतर तुम्ही सही केली म्हटल्यावर मला वाटलं, मिटलं."

तिला ओरडायचं होतं. पण समोर रक्त द्यायला एक म्हातारा बाही वर करून बसला होता. ज्ञानेश पुढे म्हणाला, "फाइलचं नाव बदला फक्त. सॉफ्टवेअर नवीन फाइल आपोआप बनवतं. दोन मिनिटांचं काम आहे." तिने नाव बदललं. चित्रावर टिचकी मारली. निळी पट्टी आली, पेशंटांची यादी आली. दोन मिनिटंही लागली नाहीत. बारा दिवस, एक बाळ, एक कागद, आणि दोन मिनिटं. म्हाताऱ्याचं रक्त तिने घेतलं, एका टोचणीत, नेहमीसारखं. कापूस दाबून धरायला सांगितलं. मग सुकन्याला म्हणाली, मी बारामतीला जाऊन येते.

स्टँडवर पुण्याकडची गाडी लागली होती, तिच्यात ती चढली. भिगवणला उतरून बारामतीची धरायची असा हिशेब. गाडी हायवेला लागल्यावर तिने डॉक्टरांना फोन केला आणि सगळं सांगितलं, सावकाश, वेळांसकट. मागच्या सीटवरचा माणूस ऐकत होता, ऐकू दे. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सापडलं. मग सुरू झालं ना आता?"

"सर, तो कागद मला परत पाहिजे."

"कुठला? तो? तो आपल्याकडे नाही. त्यांना दिला ना तेव्हाच. म्हाळसाबाई, तो विषय संपला. बाळ बरं आहे. उकरून काय मिळणार?"

फोन ठेवल्यावर ती खिडकीबाहेर पाहत राहिली. म्हणजे फक्त दाखवायला नव्हता. तिची सही कुणाच्यातरी घरात, भिगवणमध्ये, अकरा दिवस होती. डाळिंबाच्या बागा, धाबे, उसाच्या मोकळ्या ट्रॉल्या मागे जात होत्या. भिगवण आलं. बारामतीची गाडी समोरच उभी होती. ती तिच्यात चढली नाही. मासळी बाजाराकडे चालू लागली.

धोंडाबाई ओट्यावर बसलेली होती, समोर पाटीत बर्फावर चिलापी मासळी. सुरी खवल्यांनी माखलेली. तिने मान वर केली, म्हाळसाला ओळखलं आणि परत मान खाली घातली. मासा साफ करत राहिली.

"मावशी, बाळ कसं हाय?"

"हाय बरं. दूध वडतंय." सुरी चालूच. "तू कशाला आलीस हितं?"

म्हाळसा उभ्यानेच बोलली. आधी वीज, मग फाइल. फाइल म्हणजे काय हे सांगताना अडखळली, मग म्हणाली, "माझ्या नावाचं एक खातं असतं मशीनमधी. वीज गेली तवा ते खराब झालं. तुमचं पोर यायच्या आदी. त्येचा दोष माझा न्हवता." धोंडाबाईने ऐकून घेतलं. डोक्याचा भाग तोडून बाजूला टाकला.

"मग कागदावर सही का केलीस?"

बसमध्ये म्हाळसाने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता तोंडात येईना. "साहेबांनी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. आणि मग, थांबता न आल्यासारखं, "मावशी, आणखी एक हाय. आकडा मला दिसत हुता. सव्वापाचलाच. मशीनच्या पडद्यावर. कागदावर लिवून तुमच्या हातात दिला असता तर दवाखान्यानं लगीच उपचार चालू केला असता. न्हाय दिला. लिवून द्यायचं न्हाय असं भिंतीवर लावलंय, म्हणून न्हाय दिला. दोन तास तुमाला पाच मिनिटं म्हनत बसले."

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःशी एवढी भांडली, पण तिथवर कधी येऊ दिलं नव्हतं.

धोंडाबाईने सुरी खाली ठेवली. हात पाण्यात बुडवले, पदराला पुसले. तिचा आवाज चढला नाही. "पुण्यात तितं काचंच्या खोलीभायेर बसले हुते मी. चार दिस. डोळं मिटलं की तुझं थोबाड दिसायचं. तुला शिव्या देऊन दिस काडले. न्हायतर येडी झाले असते. आता तू म्हनतीस, वीज. आता मी कुनावर धरू राग? वीजंवर?"

"माझ्यावर जेवढा हाय तेवढा धरा," म्हाळसा म्हणाली. "दोन तासांचा माझाच हाय. पन बॅटरी बदला म्हणून मी तीनदा लिवून दिलं हुतं. ती ज्यांनी बदलली न्हाय, भिंतीवर ते ज्यांनी लावलं, त्यांचं नाव तुमच्या कागदावर कुठंच न्हाय."

धोंडाबाई उठली. मग शेजारच्या ओट्यावरच्या बाईला म्हणाली, "कुशे, माझ्या पाटीवर ध्यान ठेव." पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, चार घड्या घातलेला कागद काढला आणि कनवटीला खोचला. "चल."

दुपारी तीनच्या सुमारास त्या दोघी लॅबच्या केबिनमध्ये होत्या. बाहेर रिकाम्या पोटी रक्त देऊन गेलेले लोक रिपोर्ट न्यायला आले होते, दार अर्धं उघडं होतं. धोंडाबाई खुर्चीवर बसली नाही. डॉक्टरांनी तिला नमस्कार केला, बाळाची चौकशी केली, म्हाळसाकडे न बघता म्हणाले, असं करायला नको होतं, एक फोन केला असता तर मी स्वतः आलो असतो. धोंडाबाईने कागद टेबलावर ठेवला. "हे खोटं हाय म्हनं. खरं लिवून द्या." डॉक्टर कॉम्प्युटरकडे वळले, चार ओळी टाइप केल्या, प्रिंट काढली. 'तांत्रिक बिघाडामुळे रिपोर्ट देण्यास विलंब झाला.' खाली लॅबचं नाव. "झालं? यात कुणाचाच दोष नाही."

म्हाळसाने तो कागद वाचला आणि त्यांच्यासमोर परत ठेवला. "सर, दोष आहे. बॅटरीसाठी तीन अर्ज दिलेत, ते या काचेखाली आहेत. परिपत्रक तुमच्या सहीचं आहे. ते लिहा. आणि खाली माझी ओळ मी लिहिते." तिने पेन घेतलं आणि त्याच कागदाच्या तळाशी हाताने लिहिलं, 'आकडा सव्वापाचला मला दिसत होता. हाताने लिहून द्यायला हवा होता. मी दिला नाही.' सही केली. एकदाच. शाई आली नाही तिथे तशीच सोडली.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?" डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज दाराबाहेर गेला. बाहेरची कुजबुज थांबली. "उद्यापासून तुम्हाला..."

"ते उद्या बघू," म्हाळसा म्हणाली. "आधी हे."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. दार लोटायला उठले, अर्ध्यातच थांबले, परत बसले. काचेखालचे अर्ज त्यांनी बघितले नाहीत, पण हात त्यांच्यावर होता. धोंडाबाई भिंतीला टेकली, चार दिवस काचेबाहेर बसलेली बाई, तिला कसलीच घाई नव्हती. शेवटी त्यांनी 'तांत्रिक बिघाडामुळे' हे शब्द खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, बॅटरी न बदलल्यामुळे. मग आणखी एक ओळ, परिपत्रकाची. खाली सही ओढली, रोज शेकडो रिपोर्टांवर ओढत तशी, एक वळसा आणि लांब शेपूट.

धोंडाबाईने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला आणि डॉक्टरांच्या सहीवर बोट ठेवलं. "मला वाचाय येत न्हाय," ती म्हाळसाला म्हणाली, "पन ह्ये तुला तरी वाचाय येतंय का?"

"न्हाय," म्हाळसा म्हणाली. तिने कागद घेऊन परत डॉक्टरांसमोर ठेवला आणि सहीच्या खाली बोट टेकवलं. "सर, इथं पूर्ण नाव लिहा."